नग तीन

पंचनाम्यात मी लिहिलं :
माकडासारखे प्राणी, नग तीन.
एक चहाच्या थर्मासात, दोन पायमोज्यांत,
मोज्यांना श्वासापुरती भोकं.
रंग राखी, कानांवर पांढरे झुबके,
शेपटी अंगाहून लांब, पट्ट्यापट्ट्यांची.
वजन, समोरच्या दुकानातल्या काट्यावर,
पाव किलोच्या आतबाहेर.
मूळ देश :
इथे पेन अडलं.

साहेबांनी फोनवर सांगितलं, मार्मोसेट.
बाबल माजीकनं ते तीनदा म्हणून पाहिलं
आणि मारुतीशेट करून टाकलं.
"शेट जेवले का?" हा त्याचा
दर तासाचा प्रश्न.

शेट जेवले नव्हते.
वाळपईच्या चौकीत कोंबड्यांचाच पिंजरा होता,
त्यात केळं, पपई, भिजवलेले चणे.
तिघांचा मिळून एक गोळा
आणि गोळ्याबाहेर सहा डोळे.
रात्रभर शीळ, इतकी बारीक
की पाल चुकचुकली की ते बोलले,
कळू नये.

बसायला काहीतरी हवं म्हणून बाबलनं
चौकीमागच्या काजूची फांदी तोडून आत सरकवली.
मार्च संपत आला होता. डोंगरभर
बोंडांचा आंबूस वास,
खाली गावसांच्या भट्टीवर हुर्राक उतरत होती.

सकाळी पाहते तर फांदीला भोकं,
मशीनची सुई भरकटावी तशी.
एक जण खालचे दात सालीत रुतवून
डिंक चाटत होता,
डोळे अर्धे मिटून.
"आरे, हांकां रूख कळ्ळो!"
बाबल ओरडला आणि मग
आपल्याच आवाजाला दचकून गप्प झाला.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला.
शाळेत हे वाक्य दोन मार्कांचं होतं.
आणला तेव्हा त्या झाडावर कोण राहत होतं,
हे पुस्तकात नव्हतं, मीही विचारलं नाही.
बी गलबतात चढलं. ही मागे राहिली.
आता आली,
मोज्यातून.

तिसऱ्या रात्री जुळं झालं.
अंगठ्याएवढी दोन, दूध पिऊन झालं
की बापाच्या पाठीवर.
दिवसभर तोच वाहतो, आई निवांत डिंक खाते.
बाबल बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, आमच्या बापायनं मला
एकदाच उचललेलं, पुरात.
पुढे काही बोलला नाही.

तीन खोडून मी पाच केलं,
बाजूला सही.
मूळ देशापुढे ब्राझील लिहिलं. शाई वाळेपर्यंत
खिडकीतून तो डोंगर दिसत होता,
काजूंनी भरलेला,
ज्याला कुणी कागद मागत नाही.

बुधवारी गाडी आली. पिंजऱ्यावर चादर टाकून
त्यांना दूर कुठल्याशा केंद्रात नेलं.
फांदी मात्र इथेच राहिली.

तोडलेली काजूची फांदी खोचून लागत नाही,
हे बाबलला माझ्याहून जास्त कळतं.
तरी त्यानं ती चौकीमागे खोचली,
वर तांब्याभर पाणी.
भोकांतून अजून डिंक येतो.
मुंग्या लागल्यात.