मूळ आलं

मच्छ्याच्या शेडमध्ये, नऊच्या आधी,
आम्ही दोघी बाटल्या मोजतो. केळीच्या.
निंगव्वा कन्नडमध्ये, मी मराठीत.
आकडा जुळला नाही तर चहा तिचा.

वाढीच्या खोलीत लाड फार.
साखर, क्षार, बी-ए-पी,
कोंबाला कोंब फुटतो,
बाटली गच्च होते,
पण बूड उघडं.
तीन महिने खाऊन एकालाही पाय नाही.

मग हिरेमठ सर म्हणतात, आता हात आखडा.
क्षार निम्मे. बी-ए-पी बंद.
आय-बी-ए लिटरला एक मिलिग्रॅम,
आणि कोळशाची पूड, म्हणजे खाली काळोख राहील.
मुळांना उजेडाची लाज असते, निंगव्वा म्हणते.

गेल्या आषाढात माझा दशांश चुकला.
एकाच्या जागी दहा.
पंधराव्या दिवशी बुडाला गाठी,
फिकट, भुसभुशीत, जोंधळ्याच्या लाहीसारख्या,
मूळ म्हणावं असं एकही नाही.
सरांनी आवाज चढवला नाही.
एक गाठ चिमट्यात धरून पुढं केली:
"बघ. ह्याला बोलवलं नाहीस, ढकललंस."

घरी सासूबाई विचारतात, काय करतेस गं दिवसभर?
म्हटलं, मुळाची वाट बघते.
त्या हसल्या, हसतच राहिल्या.
त्यांच्या वेळी कुद्रेमनीहून मूळ यायचं,
दिवाळीच्या आधी,
डोक्याला रुमाल बांधलेला थोरला भाऊ.
तो उंबऱ्यात दिसेपर्यंत
माहेराकडं पाय निघायचा नाही.

मंगळवारी बारावा दिवस.
निंगव्वानं बाटली ट्यूबलाइटखाली तिरकी केली.
काळ्या आगरात, काचेला चिकटून,
पांढरं, दोऱ्याएवढं, जरा वाकडं.
"बेरु बंतु नोड," ती म्हणाली.
"मूळ आलं," मी म्हटलं.
लेबलावर नुसती तारीख टाकली.

महिन्यानं हुक्केरीची गाडी येईल.
त्याआधी आगर कोमट पाण्यात धुवायचं,
रोप कोकोपीटात बसवायचं, वर प्लास्टिक.
आणि तिथं ही मुळं बहुतेक मरतात,
हे सरांनी मला फार उशिरा सांगितलं.
काचेतली ती. मऊ. केस नसलेली.
रोप आठवडाभर मान टाकतं,
मग कुणी काही न घालता
आपली दुसरी काढतं.

तोवर पाणी किती वेळा फवारायचं
ह्यावर निंगव्वाचं आणि माझं
अजून भांडण आहे.