अजून थोडं मागे

फेरीबोटीत गाड्या लावण्यात माझी अठरा वर्षं गेली.
दाभोळचा धक्का, तोंडात शिट्टी,
घ्या, घ्या, अजून थोडं मागे, बास.
डंपर मधोमध, दुचाक्या कडेला,
आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो सावलीत,
माणसं वर.
जागा दाखवणं, एवढं एकच काम मला नीट येतं.

म्हणून बडोद्याहून परागचं पार्सल आलं
तेव्हा आतला कागद मी वाचलाच नाही.
हिरवं नळकांडं, खाली बशी, चार बाजूंना चार दांड्या;
पाखरांनी पंगतीला बसावं अशी सोय.
"टांगा वाडीत कुठेतरी," फोनवर म्हणाला.
कुठेतरी!
अरे, कुठेतरी लावली असती एखादी गाडी
तर बोट कलंडली असती खाडीत.

आधी माडाला बांधलं.
तिसऱ्या दिवशी झावळी सुटली
आणि बशीला चाटून खाली आली.
नारळ सुटला असता तर, हा विचार
मी रात्री अंथरुणात केला.

मग रातांब्याखाली. गार, दाट, आडोशाची जागा.
आडोसा परकारांच्या बोक्यालाही आवडला.
जैबुनभाभी गडग्यापलीकडून म्हणाली,
"त्याला काय बोलता? ताट तुम्हीच मांडलंत."
बुलबुलाचं एक पीस मिळालं, शेपटाखालचं, लाल.
कुमुदला दाखवलं नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवलं.
धुताना तिला सापडलं.
तीही काही बोलली नाही.

मग पडवीसमोर, तावदानाशी,
खुर्चीतून दिसावं म्हणून.
काचेत माड होते, आभाळ होतं,
एका मुनियेने ते खरं धरलं.
टक्.
तळहातावर घेतली, वजन फाटक्या तिकिटाएवढं.
ऊन सरकलं थोडं, तशी
तिने एक डोळा उघडला, हातावर शिटली आणि उडाली.
"पावती दिलीन," कुमुद म्हणाली.

विहिरीच्या खांबावर खारा वारा.
आकडा गंजला, बाजरी सादळली,
बशीत हिरवे कोंब आले.
कलमांत नेलं तर वानरं आली;
एकाने नळकांडं डोळ्याला लावून
माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
त्याला काय दिसलं, कोण जाणे.

शेवटी कागद शोधला. रद्दीत होता.
जमिनीपासून सहा फूट, फांदीपासून दहा,
काचेच्या अगदी जवळ, नाहीतर पुष्कळ लांब.
टेप घेऊन परसू पालथं घातलं.
सगळी मापं जाऊन जिथे जुळली
ती जागा न्हाणीमागची,
पन्हळीच्या टोकाला, धुण्याच्या दगडाशी.

खुंटी ठोकायला गेलो तर चार वाजलेले,
कुमुद तिथे बसलेली, तांदूळ पाखडत.
कणी उडत होती, तूस उडत होतं,
आणि तिच्या पावलांशी सातभाई, साळुंक्या,
पायाच्या बोटावर चढलेली एक चिमणी,
आणि लांब, मान वाकडी करून,
एका पायाने लंगडा कावळा.
त्याला ती "या भाऊजी" म्हणाली.

एकतीस वर्षं चारचा चहा मी पुढच्या दारी घेतला,
तोंड खाडीकडे,
बोट वेळेवर सुटली का, ते बघत.

"इथे नको हां ते," ती म्हणाली. "इथे आमचं चाललंय."

नळकांड्यात आता कपड्यांचे चिमटे असतात.
परागला सांगितलंय, छान आहे, खूप येतात.

आणि मी खुर्ची उचलून मागच्या दारी आणली.
ठेवायला लागलो तर चिमण्या भुर्रकन वर;
सूप न थांबवता ती म्हणाली, "मागे घ्या."
घेतली.
"अजून थोडं."
न्हाणीच्या भिंतीला पाठ टेकली माझी.
"बास."

खुर्चीचा पाय करकरला.
साळुंकीने एकदा वळून पाहिलं
आणि कणी टिपू लागली.