यु ऱ्हस्व

नारायण पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
चरित्रकोशाच्या तिसऱ्या खंडाची मुद्रितं तपासतोय.
'दि' वर आलोय.
वर एक विस्मृत संस्थानिक, खाली मल्लखांबाचा उस्ताद,
मध्ये हा : दिमायुगा, सेवेरिनो.
फिलिपिनी क्रांतिकारक व मुत्सद्दी.
मर्यादा एकशेवीस शब्द.

मुत्सद्दी म्हटलं की आपल्याला पगडी दिसते.
याच्या पायांत शेवटी धड जोडाही नव्हता.
प्रजासत्ताकाचा खजिनदार. प्रजासत्ताक केवढं?
एका रेड्याच्या गाडीत मावेल एवढं :
शिक्का, घडी घातलेलं निशाण, दोन पेट्या पावत्या.
शत्रू गावात शिरला की राजधानी पुढच्या गावी.
भाताचं पोतं उचललं की पावती,
खाली सही, 'स्वातंत्र्यानंतर परत.'
हे वाक्य संपादकांनी कापलं. जागा नाही म्हणे.

मग पराभव, मग बेटावर हद्दपारी,
आणि मग ती ओळ, जिथे पेन्सिल अडली :
'शपथ घेताच मायदेशी परतला.'
दुसऱ्या एका ग्रंथात :
'शपथ न घेताच मायदेशी परतला.'
चाळीस वर्षं असले गळालेले 'न' शोधत आलो.
हा गळलाय की कुणी घुसवलाय,
कळेना.

मारिविक डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकते,
त्याची खापरपणती.
येरवड्याहून रिक्षाने आली, भाड्यावरून भांडून,
तेही मराठीत.
आधी आडनाव म्हणून दाखवलं. यु ऱ्हस्व. तीनदा.
अर्थ? "जो हलवता येत नाही."
चहा निवला तेव्हा शपथेचं विचारलं.
"हात वर केला होता. एवढं सगळे सांगतात.
आजी म्हणायची, माशी हाकलायला."
"आणि तू काय म्हणतेस?"
तिने कपावरची साय बोटाने बाजूला केली.

मग आपणहून म्हणाली,
"अजून येतात लोक आमच्या दाराशी,
पिवळा पडलेला कागद घेऊन.
भात मागायला नाही, सही दाखवायला.
आई त्यांना जेवायला वाढते.
कागद मात्र परत घेत नाही,
घेतला तर हिशेब मिटेल ना."

रात्री कापाकापी केली.
दोन पदव्या गेल्या, एक समिती गेली,
जन्मगावाची नदी गेली, आपल्या मुठेएवढीच असावी बहुतेक.
पावत्या बसवल्या.
अक्षरजुळणीवाल्या सोनटक्क्यांना फोन केला :
'शपथ' नंतर एका अक्षराची जागा मोकळी सोडा.
"अहो, छपाईची चूक वाटेल. वाचक पत्रं लिहितील."
लिहू देत की.
पुणं आहे. लिहितीलच.