चार बोटं फक्की

सामना संपायला अकरा सेकंद,
आणि सुखदेव टेकाम तिघांच्या खाली पालथा.
उजवा हात तेवढा बाहेर,
अंधारात आगपेटी चाचपावी तसा
मध्यरेषेकडे सरकणारा.

शिट्टी झाली.
मी रेषापंच. झेंडी वर केली: पोचला.
तीन गुण. म्हणजे सामनाच.

दारव्ह्याच्या कप्तानानं दोन्ही हातांनी हवेत टी काढला.
गावंडे सरांना वाटलं, पोरं चहा मागतात.
भोयरच्या टपरीवरून बारा कट निघालेसुद्धा.

यंदापासून रिव्ह्यू आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.
कसा आहे, ते अमरावतीहून आलेल्या कागदात होतं.
कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स,
कलम सात अर्धं काळं:
"पुरावा स्पष्ट नसल्यास मूळ निर्णय"
आणि पुढं शाईचा डाग.
सर म्हणाले, कायम. दारव्हा म्हणालं, रद्द.
डागात दोन्ही मावत होतं.

"यायचा रिव्ह्यू पयल्या हाफातच वाया गेला न सर!"
"वाया कायचा? थो आमी वापस घेतला."
"वापस घेतलेला मोजतेत का?"
"मोजतेत. पन दुसऱ्या हाफात नवा भेटते."
"कोनं सांगतलं बे?"
"टीव्हीवर पायलं."

कॅमेरा पुरुषोत्तम काळबांडेचा.
पुरुषोत्तम लग्नं काढतो,
सवयीनं मधेच प्रमुख पाहुण्यांकडे वळतो.
त्या अकरा सेकंदांतले चार
सभापती बिस्कीट बुडवताना आहेत.
दम सुटला की नाही, ते ऐकू येत नाही;
भोंगा सांगतो आहे, एमएच एकोणतीस,
लाल हिरो होंडा, गेटातून काढून घ्या.

तरी पाहिलं. एका दुपट्ट्याखाली वीस डोकी,
उन्हात मोबाइलचा पडदा विझल्यासारखा.
मागं. पुढं. थांब. अजून जरा मागं.
बोट उचललं जातं, पुन्हा टेकतं,
उचललं जातं, पुन्हा टेकतं.
टेकलं, यावर वाद उरला नाही.
कशावर टेकलं, तिथं सगळे गप्प झाले.

तिथं रेघ नव्हती.

अलीकडे होती, पलीकडे होती,
मधे चार बोटं नुसती जमीन.
"पुसली असन."
"पुसलेली रेघ धरतेत का?"
कागद उलटा केला. मागं कोरा.
कोणी सुतळी आणली, दोन टोकांना ताणली,
खुणा बघायला सगळं गाव आत शिरलं,
आणि सुखदेवच्या बोटाची खूण
बघणाऱ्यांच्याच चपलांखाली गेली.

आता माझं सांगतो.
सकाळी सहाला फक्की मीच टाकली.
डबा मधोमध संपला.
दुसऱ्या पोत्यासाठी अर्ज लागतो,
अर्जावर प्राचार्यांची सही,
प्राचार्य यवतमाळला.
बोटांना लागलेलं पांढरं तिथं झटकलं,
आणि उरलेली रेघ मी मनातच ओढली.

झेंडी वर करताना
मला ती दिसली होती.
खोटं नाही सांगत. पांढरी, सरळ,
सुखदेवच्या नखाखाली.

सरांनी कागदाची घडी केली, मला बाजूला घेतलं.
"व्यंकट, तुले दिसली न रेघ?"
"हो जी," मी म्हणालो.
सरांनी हात वर केला, आमच्या बाजूनं.
ढोल वाजले. दारव्ह्याची पोरं
अर्ज लिहायला कोरा कागद शोधत होती,
तोही मीच ऑफिसातून आणून दिला.

सुखदेव खांबापाशी बसून
गार झालेला कट पीत होता.
बोट डोळ्यांजवळ धरून
बराच वेळ बघत होता.
काळी माती, नखात, घट्ट.
माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही.
मग बोट चड्डीला पुसलं
आणि चहा संपवला.