अबोली

रात्रीचे अडीच. मुलगी एकोणीस दिवसांची
आणि झोप ही गोष्ट तिला अजून पटलेली नाही.
उदेश बोटीवर. त्याच्याकडे आता सकाळ की दुपार,
हा हिशेब मी सोडून दिलाय.
फोनवर पावसाचा आवाज लावून पाहिला, पंख्याचा लावला,
शेवटी आईच्या पोटातला म्हणून जो ऐकवतात तोही.
रडतेच.
खुद्द पोट समोर असताना
नकलेवर कोण विश्वास ठेवील?

दाराशी मांय. हातात नाचण्याच्या तिझणाचा पेला.
सासूला आमच्याकडे मांय म्हणतात;
तो शब्द तोंडात बसायला मला दोन वर्षं लागली,
आणि माझ्या मुलीला माझ्यासाठी जो लागेल
तो अजून तिच्या गळ्यात नुसता हुंदका आहे.

"उदेशच्या वेळी," मांय पलंगाच्या कडेला टेकते,
"या रस्त्यावर रात्रभर ट्रक.
खाण ते धक्का, धक्का ते खाण.
दुपटी दोनदा धुवायची, दोनदा तांबडी व्हायची.
आणि तुझा घोव! ट्रकवाल्यांचा संप झाला
तर तीन रात्री रडला. शांततेला भ्यायचा."

आता खाणी बंद. साखळीपर्यंत रस्ता मोकळा,
इतका, की बेडूक मधोमध बसतात.

बाहेर खिळ्यावरची चावी वाजली.
सासरे काही न बोलता अंगणात उतरले.
फणसाखाली त्यांचा ट्रक, बारा पावसाळे जागेवर,
दुधीचा वेल आरशापर्यंत चढलेला.
दर रविवारी ते त्याला सुरू करून ऐकतात.
आम्ही हसतो. उदेश म्हणतो, भंगारात द्या.
ते म्हणतात, बघू.

पहिल्यांदा खोकला. दुसऱ्यांदा खोकला.
मग घरघर पायऱ्यांतून वर चढली,
माझ्या टाचांत, टाक्यांत, कुशीतल्या बोचक्यात.
शेजारचं कुत्रं भुंकून थकलं.
आणि ती
गप्प झाली. डोळे उघडे, मूठ सैल,
जणू कुणी तिच्या ओळखीचं बोलतंय.

दिव्याच्या उजेडात काचेवरची अक्षरं दिसली,
पिवळी, पोपडे धरलेली: अबोली.
चार वर्षं वाचतेय. वाटायचं, फूल.
प्रत्येक ट्रकावर काहीतरी असतंच.

"थोरली," मांय म्हणाली.
मला आधी कळलंच नाही.
"उदेशच्या आधीची. अकरा दिवस होती.
बारसं बाराव्याला असतं.
नाव काढून ठेवलेलं. त्याचं काय करायचं?
त्या वर्षी ट्रक घेतला. यांनी त्याला दिलं."

माझ्या आजीला नावं तीन होती:
माहेरचं, सासरचं,
आणि पोर्तुगीज कारकुनाने कानावर पडलं तसं
रजिस्टरात उतरवलेलं, ज्याला ती कधी ओ द्यायची नाही.
मी समजायचे, बायकांच्या वाट्याला नावं जास्तच येतात.
एखादं नाव असं
बाईवाचून उरतं,
लोहखनिज वाहतं, टायर बदलतं, कर्जाचे हप्ते फेडतं,
आपल्या पाठच्या भावाला शिकवून बोटीवर धाडतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याच ट्रकाच्या आरशावर मी परवा लंगोट वाळत घातले.

पंचायतीचा फॉर्म कपाटात आहे, नावाची जागा कोरी.
मी मांयकडे पाहिलं. तिने ओळखलं.
"नको," म्हणाली. "हिला दुसरं ठेव.
ते वापरात आहे."

तिझण गार झाली होती. मी प्याले.
मग सासऱ्यांनी चावी फिरवली,
दिवे गेले, इंजिन थांबलं,
आणि अंगणभर शांतता आली.

आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो,
भिते का.