तार

बुन्लोम अन्नामच्या डोंगरावरून उतरतो,
पाठीवर फास, दोनशे चौदा.
सगळी स्कूटरच्या ब्रेकची तार;
थांबवणं, एवढंच तिला येतं.

साओला? नाही दिसला.
पंधरा वर्षांत एकदाही नाही.
ओढ्याकाठी एक खूर उमटलेला,
तोही बहुधा रानडुकराचा.

सासरे चुलीशी बसून सांगतात:
गालावर पांढरे पट्टे,
धरला तेव्हा ओरडला नाही,
माझ्या हातचा पाला खाल्ला त्यानं.
मग गप्प होतात.
शिंगं अजून भिंतीवर आहेत.
बुन्लोम त्यांना टोपी अडकवतो.

मी एक तार अंगणात ताणून बांधलीय,
तिच्यावर पोराचे कपडे वाळतात.
वारा नसताना
एखादे वेळी हलते ती,
कुणीतरी पाय सोडवून घेतल्यासारखी.