साडेसात

डिचोलीत, काजूच्या बंद कारखान्यात
आम्ही सहा जण मिळून भाडं भरतो.
भिंतींना अजून चिकाचा, जळक्या टरफलांचा वास.
खाणीचे ट्रक गेले की लाल धूळ
माझ्या ओल्या ठशांवर येऊन बसते.

त्याआधी दहा वर्षं
मी जेवणाच्या टेबलावर लिनो कोरला.
साडेसातला पानं मांडायची,
म्हणून प्रत्येक चित्र साडेसातच्या आत संपायचं.
मला वाटायचं, हीच माझी शैली.

इथं एक खिडकी मिळाली आणि एक खिळा.
रात्री मी घरी जाते,
एप्रन खिळ्यावरच राहतो.

एस्पेरान्सा चाकावरून मान वर न करता म्हणाली,
"झाड बरें आसा गो.
पण कोणाला भिऊन उभं आहे ते?"
दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी झाड खरवडलं.

छपाईचं चाक एकटीला फिरत नाही.
दुलबा येतो, मातीचे हात पँटीला पुसत,
आणि कागद उचलताना सगळे गप्प होतात,
भट्टी उघडताना होतात तसे.

मे महिन्यात माझं भाडं थकलं.
वहीत माझ्या नावापुढे
कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं: भरले.
अक्षर मुद्दाम वाकडं.

आजचं चित्र अर्ध्यावर सोडते.
किल्ली चिऱ्याखाली.
साडेसात कधीच वाजून गेले;
घरी पानं मांडली असतील कोणी,
किंवा नसतील.